अकरा पायऱ्या की दोन?

१

डबा उघडला तेव्हा आत अर्धी भाकरी, ठेच्याचा डाग आणि कांद्याची साल निघाली. तिथं असायला हवा होता प्रकल्पग्रस्ताचा दाखला.

निमगाव केतकीच्या घरात शुक्रवारी सकाळी हे घडलं आणि अर्ध्या तासात राजेश्वरीचा फोन वाजला. राजेश्वरी म्हणजे द्वारकाबाईंच्या बहिणीची लेक, बारामतीत राहणारी, एसटीतून नुकतीच निवृत्त झालेली कंडक्टर. अकरा वर्षं तिनं बारामती-मुंबई गाडी केली. त्या गाडीत लोक छत्र्या विसरले, कवळ्या विसरले, एकदा तर एक बाई टोपलीतली जिवंत कोंबडी विसरून उतरली. राजेश्वरीनं प्रत्येक वस्तू मालकाला शोधून दिली. त्यामुळे घराण्यात कुणाचं काही हरवलं की पोलिसांआधी तिला फोन जायचा. तिलाही ते मनातून आवडायचं, पण वरवर ती कुरकुरायची.

"मावशी, नीट सांग. एक डबा की दोन?"

"दोन गं. सारख्याला सारखे. एकात भाकरी, एकात कागद." द्वारकाबाईंचा आवाज ओला होता. "काल मुंबईला निघायच्या आधी मोहनराव म्हनले, तितं पिशव्या कापत्यात, पर डब्याकडं चोर बघत न्हाय. म्हनून मीच प्लास्टिकमदी गुंडाळून डब्यात ठेवला. आता एकच डबा घरी आलाय, त्यो भाकरीचा."

प्रकरण साधं नव्हतं. उजनी धरणात गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला तो एकच दाखला. घरातल्या एकाच माणसाला त्यावर सरकारी नोकरी मागता येते. द्वारकाबाईंचे यजमान जोतीराम अप्पा, त्यांनी तो नातीला, उत्कर्षाला दिला होता. तिची परीक्षा झाली, यादीत नाव लागलं आणि मूळ कागद दाखवायची तारीख आली सोमवार, सकाळी अकरा. दुसरी प्रत काढायची तर महिने लागणार. सोमवारी दाखला नसेल तर नाव कटणार आणि पुढच्या मुलीला बोलावणं जाणार.

"आनि अजून एक झालंय," द्वारकाबाई हळूच म्हणाल्या. "अप्पांनी रणजितला दारातनं हाकललं. म्हनले, तूच चोर."

२

रणजित हा अप्पांच्या धाकट्या भावाचा मुलगा. तीन वर्षांपूर्वी तो दाखला त्यानंही मागितला होता आणि अप्पांनी नाही म्हटलं होतं. गुरुवारच्या मुंबईवारीत गाडी त्याची होती, चालवायलाही तोच होता आणि गेटवेला सगळ्यांना उतरवून गाडी लावायला तो एकटाच गेला होता. एवढ्यावर कुणीही संशय घेतला असता. अप्पांनी तर मागचापुढचा विचारच केला नाही.

मुळात सोमवारच्या कामासाठी अप्पा, द्वारकाबाई, उत्कर्षा आणि मोहनराव गुरुवारी मुंबईला का गेले, हे राजेश्वरीला कळेना. त्याचं उत्तर कन्हेरीच्या मोहनरावांकडे होतं. शनिवारी सकाळी ती आधी त्यांच्याकडे गेली. मोहनराव म्हणजे अप्पांचे जुने स्नेही. पंचक्रोशीतला कुठलाही अर्ज त्यांनी चष्मा लावून वाचल्याशिवाय पुढे जात नसे.

"अहो, एवढं मोठं शहर. सोमवारी ऐनवेळी चुकलो तर?" मोहनराव म्हणाले. "म्हणून म्हटलं, आधी जाऊन रस्ता बघून यावं. कचेरी कुठं, गाडी कुठं लावायची, दार कुठल्या बाजूला. कागदही दाखवून घेऊ, शिक्का चालतो का विचारू."

"मग दाखवला?"

"दारावरच्यानं आत सोडलंच न्हाय. सोमवारी या म्हणाला. डबे तसेच गाडीत."

"डबे गाडीत होते हे तुम्ही बघितलं?"

मोहनराव थबकले. "एक बघितला. सीटखाली. मला वाटलं तोच कागदाचा."

तेच सगळ्यांना वाटलं होतं. दोन सारखे डबे न्यावेत ही मावशीची हुशारी, आणि त्यातला एक दिसला की दुसराही आहे असं सगळ्यांनी धरून चालावं, ही सगळ्या घराण्याची. राजेश्वरीनं कपाळावर हात मारून घ्यायचा तेवढा बाकी ठेवला.

"कुठं कुठं थांबलात? क्रमानं सांगा."

"सकाळी साडेदहाला शिवडीला. रणजितचा दोस्त भिमा तिथं टँकरवर असतो, त्याला रस्ता दाखवायला घ्यायचं होतं. तो येईस्तवर जवळच्या एका धक्क्यावर थांबलो. सगळा चिखल. मग फोर्टात कचेरी, मग गेटवे, राणीची बाग. साडेचारला भिमाला सोडायला दुसऱ्या एका धक्क्यावर गेलो, तितं समुद्र बघितला आणि परत."

"दुसऱ्या?"

मोहनरावांनी खुर्ची पुढे ओढली. "हितंच तर गोम हाय. रणजित म्हणतो, दोन्ही वेळा एकाच ठिकाणी थांबलो. साफ खोटं. पहिल्या धक्क्याला अकरा पायऱ्या होत्या, मी वर बसून मोजल्यात. खाली चिखल, चिखलात होडी, पलीकडं गुलाबी पाखरं. दुसऱ्याला पायऱ्या दोन. चिखल न्हाय, होडी न्हाय, पाखरू न्हाय. मी काय आंधळा हाय? त्या भिमानं आणि त्यानं मिळून काहीतरी केलंय आणि आता जागा लपवायला लागलाय."

३

निमगावला पोचल्यावर राजेश्वरीनं उत्कर्षाच्या मोबाईलमधले फोटो बघितले. मोहनराव खोटं बोलत नव्हते.

पहिल्या फोटोत अप्पा पायऱ्यांच्या तळाशी उभे, उजव्या हातात काठी, डाव्या हातात डबा. मागे लांबच लांब चिखल, त्यात कलंडलेली निळी होडी. पायऱ्या मोजल्या तर अकरा भरल्या. दुसऱ्या फोटोत अप्पा आणि द्वारकाबाई वर उभे, मागे नुसतं पाणी आणि पायऱ्या दोन. दोन्ही फोटोंत कोपऱ्यात दोर बांधायचा लोखंडी खुंटा दिसत होता, पण असे खुंटे बंदरात पावलोपावली असतात.

"तुला काय वाटतं, एक जागा की दोन?"

"दुपारी मी पेंगतच उतरले, आत्या," उत्कर्षा म्हणाली. गेल्या दोन दिवसांत ती जेवली नसावी असं तिचं तोंड झालं होतं. "पण फोटोत वेगळीच दिसतीय. रणजितकाका खोटं का बोलंल? मला परीक्षेला त्यानंच सोडलं होतं, पुण्याला, दोन्ही वेळा."

राजेश्वरीचा एक ठरलेला प्रश्न होता. वस्तू कुठं ठेवली हे माणसाला आठवत नाही, पण कुठला हात मोकळा होता हे आठवतं. गाडीत दांडी धरायची असते ना, म्हणून.

"चिखलापाशी अप्पा पायऱ्या उतरले तेव्हा दोन्ही हात भरलेले होते. वर येताना?"

उत्कर्षानं डोळे मिटले. "वर येताना मी त्यांना धरलं. शेवाळ होतं ना. त्यांचा डावा हात माझ्या हातात होता."

"आणि डबा?"

उत्कर्षानं डोळे उघडले. डबा डाव्या हातात नव्हता, उजव्यात काठी होती. म्हणजे गेटवेला गाडी लावायला रणजित एकटा गेला होता, त्यावरून जे रामायण झालं, ते सगळं फुकट होतं. डबा त्याआधीच, सकाळी, त्या चिखलापाशी राहिला होता.

राजेश्वरीला क्षणभर बरं वाटलं आणि लगेच डोकं आणखी गरगरलं. चिखलात ठेवलेला डबा लखलखीत दिसला असता. रणजित म्हणतो तशी जागा एकच असेल तर दुपारी एवढ्या माणसांपैकी एकाला तरी तो दिसायला हवा होता. जागा दोन असतील तर रणजित खोटं बोलतोय, आणि ज्यानं डबा घेतलाच नाही त्यानं खोटं का बोलावं?

४

रणजित वस्तीवर पेरूचे क्रेट भरत होता. राजेश्वरीला बघून त्यानं काम थांबवलं नाही.

"ताई, मी एकाच पिंपळाखाली गाडी लावली. सकाळी बी, दुपारी बी. पिंपळाला गणपतीचं कॅलेंडर टांगलंय, कुनी बी जाऊन बघा."

"तू खाली उतरलास का? पाण्याजवळ?"

"न्हाय. मी गाडीतच. सकाळी भिमाची वाट बघत बसलो, दुपारी त्याच्याशी बोलत. भिंतीपलीकडं चिखल हाय का समुद्र हाय, मी वाकून बघितलंच न्हाय."

"भिमा फोन का उचलत नाही?"

"टँकर भरायला आत गेला की फोन गेटवर ठेवावा लागतो. तुमी काय पन समजा." त्यानं क्रेट दाणकन खाली ठेवला. "दाखला मागितला होता मी, व्हय. मला पायजे होता. पर अप्पांनी तिला दिला त्या दिवशी पेढे कुनी आनले इचारा. मी आनले. आता त्यांनी सगळ्या आळीसमोर चोर म्हनलं. माझ्या पोरानं ऐकलं."

त्यानं पाठ फिरवून दुसरा क्रेट ओढला. राजेश्वरीला त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटला, पण दोन पायऱ्या आणि अकरा पायऱ्या तिच्या डोक्यातून जाईनात. तिनं आयुष्यभर तिकिटं मोजली होती. बेरीज चुकली की तिला घास जात नसे.

५

अप्पा घरी नव्हते. दुपारचे ते गाळपेराच्या रानात गेले होते. उन्हाळ्याकडे उजनीचं पाणी मागे हटतं आणि बुडालेली जमीन उघडी पडते. त्या ओल्या गाळात काकडी, कलिंगड लावायचं आणि पाऊस येऊन पाणी परत चढायच्या आत काढायचं, हे अप्पा चाळीस वर्षं करत आले होते. त्यांचं जुनं गाव इथंच कुठंतरी पाण्याखाली होतं.

राजेश्वरी पोचली तेव्हा ते काकडीच्या वेलांशी वाकले होते. पलीकडं उथळ पाण्यात लांब पायांचे गुलाबी पक्षी चरत होते.

"ये बाय. बस." त्यांनी कमरेवर हात देऊन पाठ सरळ केली. "रणजितचं नाव घ्यायला आली असशील तर पानी पी आनि जा."

"मी तुमचं नाव घ्यायला आलीय. त्या धक्क्यावर खाली कशाला उतरला होता?"

अप्पांचा चेहरा जरा निवळला. "आपली पाखरं दिसली गं. हीच. म्हनलं, मुंबईला बी आपल्यावानी गाळ हाय की. बघायला उतरलो. लई झाक गाळ. तितं कुनी काय लावलं न्हवतं, एवढी जागा पडीक. मला नवल वाटलं."

"आणि डबा?"

"डबा माझ्या हातात होता. गेटवेपातूर हातात होता." हे ते अगदी ठामपणे म्हणाले. माणूस खोटं बोलत नव्हता. मग अप्पांचं डोकं उतरणीला लागलं होतं का? आणि तसं असेल तर ते मावशीला कुणी सांगायचं?

बोलता बोलता अप्पांनी तिच्या हातातली पिशवी घेतली, चिखल लागू नये म्हणून. ती वेलांमधून फिरली, दोन काकड्या तिनं खाल्ल्या, पाण्याचं विचारलं. "पानी गेलं की गेलं," अप्पा म्हणाले. "आता मिरगातच यायचं. तंवर ही जमीन आपली." निघताना तिनं पिशवी मागितली.

"कसली पिशवी?"

"माझी, अप्पा. मगाशी तुम्ही घेतलीत."

"मी कशाला घेऊ?" अप्पा खरोखरच गोंधळले होते. त्यांनी स्वतःचे दोन्ही हात उलटसुलट करून बघितले.

राजेश्वरीनं चौफेर नजर टाकली. वेल, गाळ, पाखरं. आणि वीस पावलांवर चिखलात कलंडलेली एक होडी. पाणी हटल्यापासून ती तिथंच पडून होती. ती गेली आणि होडीच्या नाकाकडच्या फळीखाली हात घातला. तिथं अप्पांची पाण्याची बाटली होती, भाकरीचं गाठोडं होतं आणि तिची पिशवी होती.

"हितं ठेवता तुम्ही सगळं?"

"मग कुठं ठेवनार? सावली असती, कुत्री पोचत न्हाईत." अप्पा पिशवीकडे बघत राहिले. "पर मी ठेवली कवा?"

चाळीस वर्षं डबा हातात घेऊन गाळात उतरणारा माणूस. होडी दिसली की हात आपोआप तिकडे वळणार, डोक्याला विचारणारसुद्धा नाही. राजेश्वरीनं घाईघाईनं उत्कर्षाला फोन लावला.

"पोरी, दोन्ही फोटोंतला तो लोखंडी खुंटा मोठा करून बघ. काय दिसतं?"

उत्कर्षानं दोन्ही फोटो मोठे केले. "आत्या, दोन्हीकडं लाल रंगाचा तोच फराटा हाय. सकाळी त्याला दोर बांधलेला हाय. दुपारी न्हाय."

६

"जागा एकच होती," राजेश्वरीनं सगळ्यांना अंगणात बसवून सांगितलं. मोहनरावांनाही मुद्दाम बोलावलं होतं. "रणजित खरं बोलला. मोहनरावही खरं बोलले. सकाळी पायऱ्या अकरा होत्या, दुपारी दोन. खालच्या नऊ पाण्याखाली गेल्या. भरती-ओहोटी. शाळेत मी ती पाठ केली होती, मार्कही मिळाले होते, आणि अकरा वर्षं मुंबईत मुक्काम करून ती एकदाही बघितली नाही. डेपोतून रस्ता दिसतो, समुद्र नाही. आपल्याकडं कालव्याला पाणी पाळीनं सुटतं नाहीतर मिरगाला चढतं. सकाळी गेलेलं पाणी संध्याकाळी परत येतं, हे आपल्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही."

मोहनरावांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावायचं विसरले.

"अप्पांनी आपली पाखरं बघितली, आपला गाळ बघितला, आपल्यासारखी होडी बघितली. भाकरीचा डबा होडीत ठेवतात तसा तो ठेवला. त्यांना वाटलं होडी मिरगापर्यंत तिथंच राहील. ती दुपारीच तरंगली आणि गेली."

"म्हंजे कागद समुद्रात?" द्वारकाबाईंनी पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात रणजितचा फोन वाजला. भिमा होता. राजेश्वरीनं त्याला होडीचा फोटो आधीच पाठवून ठेवला होता. रणजित अंगणाच्या कडेला, फाटकाबाहेरच उभा राहून बोलला. अप्पांनी हाकलल्यापासून त्यानं आत पाय ठेवला नव्हता.

"होडी सापडली," तो म्हणाला. "डागडुजीला लावली होती, गुरुवारी दुपारी उरणच्या बाजूला गेली. उद्या सांच्याला भरतीबरोबर परत येतीय." मग त्याचा चेहरा पडला. "पर मालक म्हनतो, डबा-बिबा काय न्हाय होडीत."

अप्पा उठले आणि काठी घेऊन फाटकापर्यंत गेले.

"गाडी काढ," ते रणजितला म्हणाले. त्याच्याकडं न बघता.

७

रविवारी संध्याकाळी पाच वाजता गाडी त्याच पिंपळाखाली लागली. कॅलेंडर होतं. भिमा वाट बघत उभा होता. धक्क्याच्या पायऱ्या त्या वेळी सहा दिसत होत्या.

अप्पा वरच्या पायरीवर बसले आणि मोजू लागले. थोड्या वेळानं पाच झाल्या. मग चार. पाणी आवाज न करता वर येत होतं आणि पाखरं एकेक करून उडून लांब जाऊन बसत होती. अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"रोज येतं?" त्यांनी भिमाला विचारलं.

"दिवसातनं दोनदा, अप्पा. आणि दोनदा जातं."

"आमच्या गावावर आलं ते गेलंच न्हाय," अप्पा म्हणाले. "उन्हाळ्यात कडंकडंनं हटतं तेवढंच. देवळाचा कळस बघायला मिळंल म्हनून दर साली जातो. न्हाय दिसत. त्याच पान्याचा कागद हाय त्यो. आनि मीच त्यो पान्यात सोडला."

राजेश्वरीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

पायऱ्या तीन उरल्या तेव्हा निळी होडी आली. मालक वयस्कर कोळी होता. त्यानं बसल्या जागेवरून मान हलवली. "मी सगली बघितली, काय नाय." उत्कर्षानं राजेश्वरीचा हात घट्ट धरला.

अप्पा उठले. त्यांनी काठी द्वारकाबाईंकडे दिली आणि कुणी अडवायच्या आत भिमाच्या आधारानं होडीत पाय टाकला. होडी हलली, ते खाली बसले. त्यांनी इकडेतिकडे बघितलं नाही. डोळे मिटले आणि हात आपोआप जाईल तिथं जाऊ दिला. हात नाकाकडच्या फळीखाली गेला, जाळ्याचं भेंडोळं बाजूला सारलं आणि आणखी आत कोपरापर्यंत शिरला.

डबा बाहेर आला तेव्हा त्यावर मिठाचे पांढरे डाग होते. झाकणावर कोरलेलं नाव मात्र स्पष्ट होतं, सौ. द्वारकाबाई, निमगाव केतकी. उत्कर्षानं झाकण काढलं, प्लास्टिक उलगडलं. कागद कोरडा होता. शिक्कासुद्धा जागच्या जागी होता. ती तिथंच पायरीवर बसून रडायला लागली आणि मोहनराव कारण नसताना दोनदा म्हणाले, "शिक्का चालेल, शिक्का चालेल."

रणजित वर भिंतीपाशी उभा होता, लांबच. अप्पा झाकण लावलेला डबा घेऊन त्या तीन पायऱ्या चढून त्याच्यापुढे गेले. सगळ्या आळीसमोर बोलले होते, इथं आळी नव्हती. त्यांनी मोहनरावांना, द्वारकाबाईंना आणि राजेश्वरीला हाक मारली. सगळे जवळ येईपर्यंत ते थांबले.

"मी तुला चोर म्हनलो," ते म्हणाले. "चूक माझी होती. गावात गेल्यावर आळीत बी म्हनीन. तुझ्या पोराला बोलीव त्या वक्ताला."

अप्पांनी डबा त्याच्या छातीशी लावला.

"उद्या अकरापातूर तू धर. माझ्या हाताचा भरवसा न्हाय."

रणजितनं डबा दोन्ही हातांनी घेतला. गाडी चालवायला त्याला हात मोकळे लागणार होते, म्हणून मुक्कामाच्या जागेपर्यंत गाडी भिमानं चालवली.